नसलेली पायरी

३ फेब्रुवारी

वन्सं,

सुखरूप पोचले. 'वन्सं' म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, जुन्या नाटकातली खाष्ट नणंद वाटते म्हणता. पण पाच तासांच्या अंतरावरून तुम्हाला मला चिमटा काढता येणार नाही, तेव्हा आता तीन महिने वन्संच.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान. खोलीत एक खिडकी, एक कॉट आणि एक टेबल. टेबल एवढं मोठं की ते दारातून आत आलं कसं कळत नाही. बहुतेक आधी टेबल ठेवून मग भिंती बांधल्या असाव्यात. फोन तुमच्याकडे कपाटात ठेवून आले ते फार बरं केलं. इथे आल्यापासून माझा हात पंधरा वेळा पर्समध्ये गेला आणि रिकामा परत आला.

नियम ठरवलेत आणि भिंतीवर चिकटवलेत. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच फक्त काम. पत्र आलं तर घरमालकीणबाई ते स्वतःकडे ठेवणार आणि पाचनंतरच देणार. त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही साडेतीनला मागितलंत तर?" मी म्हटलं, देऊ नका. त्यांना हे काम फार आवडलेलं दिसतंय.

तुम्ही विचारलं होतं, एवढं काय आहे त्या पुस्तकात. अंध मुलांच्या शाळेसाठी आहे ते, बोटांनी पाहायचं. नाव 'घर'. दार, नळ, खिडकी, कॉट, जिना, अशी बारा पानं. कापड, दोरी, बटणं, जाड लोकर शिवून केलेली. मी एक नमुना करायचा, मग त्याच्या प्रती शाळा करून घेणार. शाळेतले निवृत्त मास्तर, ते स्वतः जन्मापासून अंध आहेत, दर बुधवारी येऊन पानं तपासणार. तीस एप्रिलला नमुना द्यायचाय. अठरा वर्षं मी पाठ्यपुस्तकांत चित्रं काढली, जी मुलं मिश्या काढायला वापरतात. हे पहिलं काम असं आहे की झालं तर माझं म्हणता येईल. आणि घरी ते होत नाही हे तुम्ही वर्षभर पाहिलंच आहे.

तुमचा कारखाना बंद पडला म्हणून हे जमलं, नाहीतर तुम्ही कुठल्या तीन महिने येऊन राहणार होतात!

आता प्रश्न. चिंगी रडली का? नीट जेवते का? दोन वेण्या घालता ना, एका वेणीत तिचे केस सुटतात. तिच्या बाबांनी विजेच्या दुरुस्तीवाल्याला फोन केला का? आणि एकच विनंती, माझ्या टेबलाला कुणाला हात लावू देऊ नका. घरमालकीणबाईंची खोली आणि किल्लीवाल्याची गिऱ्हाइकं सोबतच्या सहा कागदांत वेगळी लिहिलीत.

तुमची वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय कलाकार,

तुझं पत्र मोजलं. बारीक अक्षरात आठ कागद. शेवटच्या सहा कागदांत घरमालकिणीची खोली आणि किल्लीवाल्याची गिऱ्हाइकं. वाचून मजा आली.

चिंगी रडली नाही. म्हणजे पहिल्या दिवशी तयारी केली होती, तोंड वाकडं केलं, मग विचारलं, "आत्या, आई नाही तर झोपायची वेळ कोण ठरवणार?" मी म्हटलं, मी. मग रडली.

दुरुस्तीवाला येऊन गेला. माझ्या भावाने त्याला बोलावलं आणि तुझ्या नवऱ्याने तो आला तेव्हा दार उघडलं नाही, कारण कानात गाणी होती. आपलं हे असंच चालणार, चांगलं वागला की माझा भाऊ, वाईट वागला की तुझा नवरा.

टेबलाला कुणी हात लावलेला नाही. चिंगी गृहपाठाला तिथे बसते, कोपरं टेकवते. कोपरांबद्दल तू काही म्हटलं नव्हतंस.

एक गोष्ट लिहून टाकते म्हणजे पोटात राहायला नको. तुझी खोली वाचून मला हेवा वाटला. जिथे दिवसभर "ते कुठे ठेवलंय" असं कुणी विचारत नाही, अशी खोली मी एक्कावन्न वर्षांत पाहिलेली नाही. कारखान्यात माझ्या हाताखाली साठ मशीनं होती. घरी आईचं आजारपण, मग बाबांचं. आता तुझी पोर आणि माझा भाऊ. ही तक्रार नाही, मला आवडतं सगळं. पण दार लावून एका कामाला बसायचं, आणि त्याला घरातल्यांनी काम म्हणायचं, हे कसं असतं ते मला पाहायचं होतं. तू पाहतेयस. नीट पाहा.

आत्या (तुझ्या मुलीची), वन्सं (कुणाचीच नाही)


१६ फेब्रुवारी

वन्सं,

कोपरांचं वाचून हसले आणि मग हसू थांबलं. चिंगी माझ्या टेबलाशी बसते? मी असताना मी तिला कधी बसू दिलं नव्हतं. रंग सांडेल, कागद हलतील. तुम्ही बसू दिलंत आणि काही सांडलं नाही, म्हणजे मी आठ वर्षं उगाच ओरडले असा अर्थ निघतो. निघू दे.

चार पानं झाली. दार, कडी, कॉट, जिना. मास्तर काल आले. साठीपुढचे, उंच, इस्त्रीचा शर्ट. काठी दाराशी नेमकी उभी करतात, ती कधी पडत नाही. पान समोर ठेवलं की आधी पूर्ण तळहात ठेवतात, मग बोटं. दार, "चालेल." कडी, "चालेल." कॉट, "चालेल." तुम्हाला कल्पना नाही, वन्सं, एखाद्या शब्दाने दात कसे शिवशिवतात. मग जिना.

"हे काय आहे?"

"जिना."

"कुणाचा?"

"म्हणजे?"

"बाई, हा कंगवा आहे. चांगला कंगवा आहे. पण याच्यावरून मला वर जाता येणार नाही."

मी समजावलं, जिना बाजूने पाहिला की असा दिसतो, पायऱ्यांचे दाते. ते म्हणाले, "बाजूने पाहिला की." एवढंच. मग काठी घेऊन गेले. जाताना माझ्याच जिन्यावरून भराभर उतरले.

चिंगीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं ना? तुम्ही गेलात? की तिचे बाबा? तिने काय काढलं होतं? सगळं सविस्तर लिहा. केस सुटतात का? समोरच्या छपरावरच्या कबुतरांचं सोबतच्या कागदांत.

वहिनी


२३ फेब्रुवारी

प्रिय कलाकार,

प्रदर्शनाला आम्ही दोघी गेलो. चिंगीने मला काढलं होतं, शिवणयंत्रापाशी, मला तीन हात आहेत. बाईंनी विचारलं तीन का, तर म्हणाली, "आत्याला लागतात."

केस सुटत नाहीत, कारण एकच वेणी घालते. तिला एकच आवडते. तुला दोन आवडतात म्हणून ती तुला सांगत नव्हती. रागावू नकोस, तिने मला शपथ घातली होती आणि मी ती मोडलीय.

आता दोन बोचऱ्या गोष्टी. पहिली, 'तुमचा कारखाना बंद पडला म्हणून जमलं.' खरं आहे, पण खरं असलं तरी बावीस वर्षांवर असं रुमाल झटकल्यासारखं लिहू नये. झालं, विसरले.

दुसरी. तू मला दर वेळी आठ-आठ कागद लिहितेस. किल्लीवाल्याच्या समोरच्या छपरावर किती कबुतरं बसतात हे मला ठाऊक झालंय. तू काम कधी करतेस?

कारखान्यात नवीन बाई आली की तिच्यापुढे शंभर बॅगांचे कापलेले तुकडे असायचे. ती ढिगाकडे बघायची आणि हात गार पडायचे. मी काय करायचे, ढीग तिच्या पाठीमागे ठेवायचे आणि एक बाई नेमायचे. ती एकेक तुकडा पुढे करणार. शिवलेला हातात दिल्याशिवाय नवा मिळणार नाही. आठवड्यात हात सुटायचा. तुझं सामान त्या घरमालकिणीकडे दे. उरलेल्या पानांचं कापड एकेका पिशवीत. रोज सकाळी एकच पिशवी माग. पत्र अडवायला आवडतंय म्हणतेस ना तिला, मग हे तर तिच्यासाठी मेजवानी आहे.

तुझ्या मुलीची आत्या


४ मार्च

वन्सं,

घरमालकीणबाई तुमच्यापेक्षा कडक निघाल्या. "कालचं दाखवा." "थोडं राहिलंय." "मग आजचं नाही." आणि दार बंद. पहिल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी नळाचं पान संपलं. आता आठ झालीत. तुमचं म्हणणं खरं होतं, ते मला आवडलं नाही, आणि तसंच केलं.

पण वन्सं, आज भांडायचंय.

एका वेणीबद्दल नाही. तिला जे आवडतं ते. तुमचं पत्र आलं त्या रात्री मी... नाही, तेही नाही. गोष्ट अशी आहे की तुमचं पत्र मी पाच वाजता वाचते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माझ्या टेबलावर चिंगी कोपरं टेकून बसलेली असते. मी लोकरीची कड शिवते आणि तुम्ही दोघी घरभर हसत फिरता. मला वाटलं होतं, या खोलीत शांतता असेल. शांतता आहेच. तिच्यात फक्त तुमचं दोघींचं हसणं ऐकू येतं. घरात असताना घराचा आवाज मला काम करू देत नव्हता, इथे नसलेला आवाज करू देत नाही. मग मी गेले कशाला?

तुम्हाला माझ्या खोलीचा हेवा वाटतो ना? मला तुमच्या तिसऱ्या हाताचा वाटतो. तिने मला कधी काढलं नाही. मी चित्रं काढणारी बाई, आणि माझ्या पोरीने मला कधी काढलं नाही.

थोडं खोटं लिहीत जा. लिहा की चिंगी जेवत नाही. लिहा की ती दारापाशी बसून असते. मला चालेल.

जिना पुन्हा केला, या वेळी समोरून. मास्तर म्हणाले, "ही शिडी. प्रगती आहे."

वहिनी


१२ मार्च

प्रिय कलाकार,

हुकुमाप्रमाणे. चिंगी जेवत नाही. दाराशी बसून असते, तिथेच तिला गवत उगवलंय. तुझा नवरा भिंतीकडे तोंड करून उसासे टाकतो. मी स्वयंपाक केला की दोघं "तिच्या हाताची चव नाही" म्हणून रडतात. झालं समाधान?

आता खरं. मंगळवारी ती विचारत बसली, "आत्या, आई फोनवर का बोलत नाही? तिला आमचा राग आलाय का?" मी म्हटलं, आईला एका वेळी एकच गोष्ट नीट जमते. ती म्हणाली, "मग आधी मी का नाही?" मी तिला कामाला लावलं. मला एवढंच येतं.

सोबत पार्सल आहे. तू लिहिलेलं कंगव्याचं मी तिला वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, आपण करून बघू. मी तिचे डोळे ओढणीने बांधले आणि आपला जिना चढायला लावला, मी मागे. सातव्या पायरीनंतर वर पोचली, पण तिला माहीत नाही, तिने आणखी एका पायरीसाठी पाय उचलला आणि तो हवेतून धपकन खाली आला. पडणारच होती. मी धरली. आणि ही हसत सुटली, "आत्या, नसलेली पायरी लागली!" मग मला डोळे बांधले. मलाही लागली. आम्ही दोघी दुपारभर नसलेल्या पायरीवर पाय टाकत होतो. शेजारच्या काकूंना वाटलं आम्हाला वेड लागलंय.

तर ते पान. बॅगेच्या पट्ट्यात घालतात तो पातळ फोम होता माझ्याकडे. पहिली पायरी एका थराची, दुसरी दोन थरांची, अशा सात. दोन बोटांनी चालत जायचं. दुसऱ्या हाताला बाजूने दोरीचा कठडा. आणि सातवीनंतर आठवीच्या जागी कापूस भरून कापड सैल शिवलंय. बोट तिथे पायरी शोधतं आणि बुडतं. पुढे सपाट.

चिंगीचा खेळ आहे. दूध तापेपर्यंत, गृहपाठ होईपर्यंत, असा मधल्या मधल्या वेळात झालाय. उपयोगाचा नसेल तर फेकून दे.

आत्या


२४ मार्च

वन्सं,

पार्सल मिळालं. चिंगीला सांगा छान आहे. काम फार आहे, म्हणून एवढंच.

वहिनी


३० मार्च

वहिनी,

'कलाकार' नाही लिहिलं, कारण तुझं दोन ओळींचं पत्र वाचून थट्टा करायची हिंमत राहिली नाही.

मला कळलं. आपल्याला कुणी विचारलं नसताना आपण शहाणपणा केला. तू शिकलेली चित्रकार, आणि मी बॅगा शिवणारी बाई, तुला पान करून पाठवते. तू आठ कागद लिहायचीस, आता दोन ओळी, त्यांतली एक चिंगीसाठी. माझ्या वाट्याला 'पार्सल मिळालं' आलं.

खरं सांगू? पार्सल बांधताना मला वाटलं होतं तू म्हणशील, वन्सं, हे पुस्तकात घालू या. वाटलं होतं. एवढ्या वयात असलं काही वाटून घ्यायला नको होतं. ते पान करताना मी बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणा दुसऱ्याच्या नमुन्यावरून काही कापत नव्हते. दूध उतू गेलं, मला कळलं नाही. माझं दूध कधी उतू जात नाही, तुला ठाऊक आहे.

चिंगीला सांगितलं, आईला आवडलं. तीस एप्रिलपर्यंत मी इथे आहे, घाबरू नकोस. पुढचं पुढे.

आत्या


६ एप्रिल

वन्सं,

हे पत्र मी सकाळी अकरा वाजता लिहितेय. नियम मोडून.

तुमचं पान वाईट नव्हतं. ते चांगलं होतं. मी पार्सल उघडलं, डोळे मिटले, दोन बोटं ठेवली, आणि सातवीनंतर माझं बोट बुडलं. माझ्या तोंडून आवाज निघाला. आणि लगेच पुढच्या क्षणाला मला ते फाडून टाकावंसं वाटलं. वाढवून नाही सांगत, मी कात्री हातात घेतली होती. मी दोन महिने दार लावून, फोन कोंडून, पोरीला सोडून जे शोधत बसले ते तुम्हाला दूध तापेपर्यंत सापडलं. आणि तिच्यासोबत. त्या पानाला हात लावला की तुम्ही दोघी किती हसलात ते कळतं. माझ्या एकाही पानातून कुणी हसल्याचं कळत नाही.

कात्री ठेवली. पान बॅगेच्या तळाशी, हिवाळ्याच्या कपड्यांखाली घातलं. तिथे ते आठ दिवस होतं. त्यातच तुम्हाला त्या दोन ओळी लिहिल्या.

मग बुधवार आला. मास्तरांनी जिना मागितला. माझ्याजवळ नवा काहीच नव्हता. मी ते पान काढून पुढे ठेवलं. देवाशपथ, ठेवताना मनात होतं की सांगेन, हे माझ्या नणंदेने आणि मुलीने केलंय. त्यांनी तळहात ठेवला. मग दोन बोटं चालायला लागली. एक, दोन, तीन. सातवर जरा थांबली. मग बुडली. आणि मास्तर, जे 'चालेल'पुढे कधी जात नाहीत, ते खुर्चीत मागे रेलून हसले. "अहो बाई! अहो बाई!" पुन्हा खाली उतरले, पुन्हा चढले, पुन्हा हसले. म्हणाले, "लहानपणी या पायरीने मला किती वेळा पाडलंय. ती कुठल्या पुस्तकात भेटेल असं वाटलं नव्हतं." मग माझ्याकडे वळून, "हे तुम्ही केलंत?"

मी म्हटलं, "हो."

असं बाहेर पडलं, वन्सं. दोन महिन्यांत पहिल्यांदा ते माणूस माझ्याकडे वळून हसत होतं, आणि मला ते हसू हवं होतं. ते थोडे थांबले, मला वाटलं ते थोडे थांबले, आणि म्हणाले, "मग बाकीची पानं पण अशीच करा. ती डोळ्यांनी केलेली आहेत."

तेव्हापासून एक टाका घातलेला नाही. घरमालकीणबाई रोज पिशवी घेऊन दाराशी येतात आणि कालचं काही नाही म्हणून परत घेऊन जातात. पानं कशी बदलायची ते मला सुचत नाही, आणि सुचलं तरी हात लावायचा मला काय हक्क. चोवीस दिवस राहिलेत.

मी तुमचं पान चोरलं. हे वाक्य लिहायला मला सात दिवस लागले.

तुम्ही सामान घेऊन निघून गेलात तरी मी काही म्हणणार नाही. चिंगीला मात्र सांगू नका. की सांगा. मला कळत नाही.

वहिनी


१० एप्रिल

प्रिय कलाकार,

पत्र वाचून मी आधी माझी बॅग काढली. खरंच काढली. चार साड्या भरल्या. चिंगी येऊन बॅगेत बसली आणि म्हणाली, "कुठे जायचंय?" मग साड्या परत कपाटात लावाव्या लागल्या, कारण ती त्यांच्यावर बसली होती.

राग किती आला ते लिहीत नाही, कागद कमी आहे. पण त्या रागाच्या खाली आणखी एक लबाड गोष्ट होती, ती लिहायलाच हवी. तो माणूस हसला हे वाचून मी पत्र चार वेळा वाचलं. तुझं चोरलं-बिरलं वगळून, फक्त तेवढंच. सातवर थांबला, मग बुडला, मग हसला. पाठ झालंय मला. आणि तुझ्यासमोर हसला, माझ्यासमोर नाही, याचा मला असा मत्सर वाटला की बस. हसू माझं होतं ते.

आता ऐक. येत्या बुधवारी त्यांना सांग. पत्राने नको, तोंडाने. पान पुढे ठेवायच्या आधी सांग.

आणि मी तुझी पानं करणार नाही. तुझ्या मनात ते आलं असणार, माझ्याही आलं. साधी गोष्ट होती, आठ दिवसांत करून धाडली असती. पण मग ते पुस्तक कुणाचंच राहिलं नसतं. ओढणी पाठवतेय. चिंगीच्या डोळ्यांना बांधली होती तीच. सकाळी बांध आणि त्या खोलीत फिर. खिडकी उघड, नळ सोड, जिना उतर. पडू नकोस. काम असं होतं, पुढ्यात बसून राहिलं म्हणजे होतं असं नाही. हे मी तुला सांगायचं, जिने कधी खोली पाहिली नाही!

चिंगीला मी सांगितलं. ती म्हणाली, "आईने कॉपी केली?" मी म्हटलं, हो. तिने विचार केला आणि विचारलं, "पकडली का तिला?" मी म्हटलं, नाही, तिने स्वतः सांगितलं. तर म्हणाली, "मग बाई कमी ओरडतात."

आत्या


२७ एप्रिल

वन्सं,

पुस्तक काल दिलं. बारा पानं. पाच नव्याने केली, बाकीची आहेत तशीच. सगळी करायला वेळ नव्हता आणि दार मुळातच बरं होतं असं मास्तर म्हणाले. नळाला आता एक लोखंडी चकती आहे, गार लागते आणि फिरते. खिडकी उघडता येते. ओढणी बांधून मी घरमालकीणबाईंच्या कुंड्या दोनदा पाडल्या. त्यांनी पिशव्यांचा हिशेब चोख ठेवला, कुंड्यांचाही ठेवणार म्हणाल्या.

बुधवारचं सांगते. मास्तर आले, काठी उभी केली, बसले. मी उभीच होते. म्हटलं, "जिन्याचं पान माझं नाही. माझ्या नणंदेने आणि मुलीने केलंय. मी खोटं बोलले." ते म्हणाले, "ठाऊक आहे." मी विचारलं, कसं. "तुमचे टाके एका बाजूला कलतात, बाई. त्या पानातले सरळ जातात आणि दर चौथ्याला जरा घट्ट होतात. मशीनवर आयुष्य काढलेल्या बाईचे आहेत ते. मधेच काही वेडेवाकडे आहेत, ते लहान मुलीचे. तीन हातांनी केलेलं पान आहे." मी म्हटलं, मग त्या दिवशी बोलला का नाहीत? तर म्हणाले, "तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा तुमचा आवाज असा होता की मला वाटलं, या बाईंना आज एवढंच राहू दे."

मी खाली बसले. मग आम्ही खिडकीचं पान तपासलं.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जिन्याखाली तुमचं आणि चिंगीचं नाव आहे. ब्रेलच्या, उठावाच्या ठिपक्यांत, मीच टोचलंय.

आता पत्र लिहायचं खरं कारण. मास्तरांनी तुमच्या पानाचं सांगितल्यावर शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तुमच्यासाठी एक पाकीट दिलंय. ते सोबत आहे. तुमच्या नावाचं आहे म्हणून मी उघडलेलं नाही, पण आत काय आहे ते मला मास्तरांनी सांगितलंय. शाळेला दुसरं पुस्तक हवंय, 'रस्ता' नावाचं. ते तुम्ही करावं अशी त्यांची इच्छा आहे. मला विचारलेलं नाही. माझं काम त्यांना पसंत आहे, मास्तर म्हणाले, 'चांगलं आहे', चालेल नाही, चांगलं. पण 'रस्ता' तुम्हाला.

पाकीट माझ्याकडे पाच दिवस होतं. पुस्तक द्यायच्या आधीपासून. रोज संध्याकाळी पाचला ते टपालात टाकायला उठायचं, जिन्यापर्यंत जायचं, परत यायचं. एकदा वाटलं, मी घरी आल्यावर देईन, सावकाश. एकदा वाटलं, हरवलं म्हणेन. मी आता अशी बाई आहे हे मला ठाऊक झालंय, म्हणून आज पाकिटाला तुमचा पत्ता आधी घातला आणि पत्र नंतर लिहायला घेतलं.

वन्सं, हो म्हणा. मागे हटू नका, माझ्याकडे बघून तर अजिबात नाही. घरचं माझं टेबल तुम्ही घ्या, कोपरांसकट.

फक्त लगेच हो म्हणू नका. हे पत्र पोचेल त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी येतेय. माझ्यासमोर दोन दिवस विचार केल्यासारखं करा. तेवढ्यात मी सवय करून घेईन.

वहिनी